गोटीच्या बाटलीतलं कुंड

“हे तुम्हाला पटायचं नाही, पण मी एकदा आख्ख्या गरम पाण्याच्या कुंडाचा सोडा केला होता,” मी म्हणालो.

कंडक्टरने तिकिटांची पेटी मांडीवरून उतरवून बाकड्यावर ठेवली. समोर एसटी बॉनेट उघडून उभी होती आणि रेडिएटरमधून वाफा निघत होत्या. ड्रायव्हर कळशी घेऊन विहिरीवर गेला होता. माझ्या दुकानाच्या पत्र्याखाली सात-आठ उतारू सावलीला आले होते. घाट चढून आलेली गाडी तापते ती हमखास इथे, कढवण्याला. गाडी तापली की माणसं उतरतात, माणसं उतरली की सोडा पितात, आणि सोडा पिणाऱ्याला मी काहीतरी सांगतो. सोडा विकत, गोष्ट वर्ताळा.

“कुंडाचा?” कंडक्टर म्हणाला. या रूटवर तो नवा होता. “म्हणजे कुंडातल्या बाटलीभर पाण्याचा?”

“कुंडाचा. बारा हात लांब, आठ हात रुंद, छातीएवढं खोल.”

शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावलेले एक गृहस्थ होते, ते हसले. ते हसले म्हणून बाकीचेही हसले. निळी छत्री घेतलेल्या एक पन्नाशीच्या बाई खांबाला टेकून सोडा पीत होत्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत. म्हटलं, असतात काही माणसं, त्यांना गॅस उशिरा चढतो.

“कुठे आहे हे कुंड?” कंडक्टरने विचारलं. “गाडी निवेपर्यंत अंघोळ तरी उरकू.”

“आज बायकांची पाळी आहे,” मी म्हटलं आणि पुढे निघालो.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. त्या वर्षी वरच्यांनी हा रस्ता सरळ करायला घेतला. इथे तेव्हा मोठं वळण होतं. ते कापून रस्ता नीट न्यायचा, आणि नेमकं कुंड त्या आखणीत. माणसं येऊन चुन्याची रेघ मारून गेली. रेघ कुंडाच्या पायऱ्यांवरून चढली, बायकांच्या आडोशाच्या भिंतीवरून उतरली आणि सरळ पलीकडे गेली. जशी काही मध्ये पाणीच नाही.

कुंड सांभाळायची द्वारकावैनी. आमच्या गुरवाची बायको. गुरव जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली. वैनी सकाळी कुंडातलं शेवाळ खरवडायची, बायकांची आणि पुरुषांची पाळी लावायची, खरुजवाल्याला एकवीस दिवस गळ्यापर्यंत बुडवून काढायची, आणि वर आलेल्याला चहा आणि खोबरेल विकायची. ती आणि तिची चार वर्षांची लेक, दोघींचं पोट त्या पाण्यावर. कुंड गेलं असतं तर गाव चार दिवस हळहळलं असतं. वैनीची चूल विझली असती.

गावाने अर्ज केला. उत्तर आलं की पाणी औषधी आहे असं प्रयोगशाळेने लिहून दिलं, तर रस्ता वीस पावलं बाजूला घेऊ. नाहीतर रेघ मारली ती मारली.

तलाठ्याने नमुना पाठवला. खोकल्याच्या औषधाची बाटली धुतली, कुंडात बुडवून अर्धीमुर्धी भरली, कागदाचा बोळा कोंबला आणि दिली पाठवून. वैशाखाचं ऊन, एसटीचं टप, टपाल कचेरी, असं करत बाटली चार दिवसांनी पोचली. पंधरवड्याने कागद आला. तलाठ्याने तो कुंडाच्या पायरीवर उभं राहून वाचला. ‘साधे, गोडे, पिण्यायोग्य पाणी. गंधकाचा अंश आढळला नाही.’

हे कुठलं पाणी, तर ज्याचा वास दोन शेतं आधी येतो. नवा माणूस आला की इकडेतिकडे बघतो, कुणाची कोंबडी अंड्यांवर बसून मेली की काय म्हणून. चांदीचे पैंजण घालून उतरलेली बाई वर येते तेव्हा पैंजण लोखंडाचे झालेले असतात.

“परत वाचा,” वैनी म्हणाली.

तलाठ्याने परत वाचलं.

“ह्या कागदाला नाक नाही काय?”

“कागद सरकारी आहे, वैनी.”

“मग सरकारला सांगा, नाक घेऊन ये.”

आणि गंमत म्हणजे आलं. आम्ही दुसरा अर्ज केला, त्यावर एक माणूस आला. टिपणीस त्यांचं नाव. वय सत्तावीस-अठ्ठावीस, चष्मा, पांढरी पँट. जीप त्यांना सोडून परत गेली; उतरले ते लाकडी पेटी छातीशी धरून. पेटीत घासून बसवलेल्या काचेच्या बुचांच्या सहा बाटल्या. त्यांनी पेटी उघडली आणि पायरीवर खाली बसले. आमच्या घाटाने सहाच्या सहा फोडल्या होत्या. बुचं तेवढी धडधाकट.

वैनीने त्यांना चहा दिला. कुणी पायरीवर मटकन बसलं की ती आधी चहा द्यायची, मग काय झालं ते विचारायची.

“साहेब, पहिल्या बाटलीतला गंधक गेला कुठे?” मी विचारलं.

“उडाला,” टिपणीस म्हणाले. “हा गंधक म्हणजे पाण्यात विरघळलेला वायू. मीठ विरघळलं की बिचारं पाण्यातच राहतं. वायूला पाय असतात. पाणी गरम असलं, उघडं असलं, हललं की तो निघाला. तुमच्या तलाठ्यांनी गरम पाणी अर्धी बाटली भरलं, वर हवा ठेवली, कागदाचं बूच लावलं आणि एसटीत चार दिवस घुसळलं. पोचलं ते ताक. लोणी वाटेत गेलं.”

“मग कुंडात कसा राहतो तो?” वैनी म्हणाली.

“राहत नाही. खालून येतो आणि वरून जातो. तुम्हाला वास येतो ना, तो गेलेला वायू.”

वैनीने जरा विचार केला. “म्हणजे वास येतो तेवढा तोटा.”

टिपणीसांनी कप खाली ठेवला. “बाई, हे समजायला मला कॉलेजात दोन वर्षं लागली.”

मग ते खुलले. चहा दुसरा झाला. वायूंचेसुद्धा स्वभाव असतात म्हणाले. अमोनिया म्हणून एक आहे, तो पाणी दिसलं की घुसतोच, एका लोटाभर पाण्यात सातशे लोटे मावतो. गंधक जाळला की छाती कोंडणारा धूर निघतो, तो चाळीस लोटे. कुंडातला हा अंड्याच्या वासाचा, तो दोन-अडीच. सोड्यातला एक. आणि आपण श्वासात घेतो ती हवा, तिला पाण्यात जायचंच नसतं. लोटाभर पाण्यात कशीबशी चार चमचे.

“मग माशांचं कसं व्हायचं?” वैनीला माशांची काळजी.

“चमच्यांवर भागवतात.”

इथे मी गोष्ट थांबवली आणि उतारूंना म्हटलं, “तुम्हाला म्हणून सोपं करून सांगतो. तुम्ही सगळे गाडीतून का उतरलात?”

“तापली म्हणून,” कंडक्टर म्हणाला. “आत बसवतंय कुणाला?”

“झालं तर मग. पाणी म्हणजे एसटी आणि वायू म्हणजे तुम्ही. गाडी गार असली की माणूस खिडकीला डोकं टेकून गप्प बसतो. तापली की दार उघडायचा अवकाश. आणि यात्रेच्या दिवशी तुम्ही आत ढकलून ढकलून दार लावता, बावन्नच्या जागी नव्वद भरता, त्याला सोडा म्हणायचं.”

तीन पेनवाल्यांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं, आणि पटलेल्या माणसाला पुढे काहीही चालतं.

तर टिपणीसांचा प्रश्न बाटलीचा होता. दुपारच्या गाडीने निघायलाच हवं, कारण सोमवारी रस्त्याचा कागद सहीला जाणार. घट्ट बुचाची बाटली तालुक्याला मिळेल, पण तालुक्याला जाऊन यायला दिवस जाणार.

“बाटली माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “जाड काच, आत गोटी. उलटी करा, आपटा, एसटीच्या टपावर टाका, थेंब सांडणार नाही.”

टिपणीसांनी बाटली हातात घेऊन फिरवली, गोटी खुळखुळवली. “चालेल. पण नीट ऐका. ओढ्यात बाटली गार करायची. कुंडाच्या तोंडाशी जिथे झरा येतो तिथलं पाणी घ्यायचं, काठोकाठ, बुडबुडा राहता कामा नये. परत ओढ्यात धरायची आणि बंद. आणि त्यात दुसरं काही म्हणजे काही जाता कामा नये. गोटी आपली बसते ना?”

“बसते, साहेब.”

हे मी खोटं बोललो. आता तुमच्यापासून काय लपवायचं. गोटी आपली आपण बसत नाही. बाटली यंत्राच्या पिंजऱ्यात उलटी धरून आत गॅस मारला की तो गॅस आतून गोटीला ढकलतो, तेव्हा ती तोंडाच्या रबराला चिकटते. गॅस नाही तर गोटी नुसतं खेळणं. मी सोडावाला माणूस. माझ्या लेखी बंद बाटली म्हणजे गॅसची बाटली, दुसरी असतेच कुठे? आणि हे साहेबांना सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते. वैनी बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिने आदल्या दिवशी लेकीला उचलून चुन्याची रेघ ओलांडताना मी पाहिलं होतं. रेघेवर पाय पडू दिला नाही तिने.

मी बाटली भरली, गार केली आणि गोटी बसवतो म्हणून दुकानात आलो. टिपणीस वैनीकडे पोहे खात होते. यंत्रात बाटली लावली. गोटी बसण्यापुरते तीन फेरे द्यायचे, कुणाला कळणारही नाही, असा माझा हिशेब. पण बारा वर्षं रोज शंभर बाटल्या फिरवणारा हात. तो मोजत नाही, तो फिरतो. थांबला तेव्हा वीस झाले होते.

“म्हणजे नमुन्याचा सोडा झाला?” कंडक्टर म्हणाला.

“गंधकाचा सोडा. तोवर जगात कुणी बनवला नव्हता.”

“आणि तुम्ही तो तसाच दिलात?”

“गोटी बसली होती. परत उघडली असती तर गंधक गेला असता. दिला. वैनीने बाटलीला हळदकुंकू लावलं. टिपणीसांनी ओल्या फडक्यात गुंडाळून बाळासारखी मांडीवर घेतली आणि दोनच्या गाडीने गेले.”

“मग?”

मग काय विचारता. सोमवारीच तार. प्रयोगशाळेत टिपणीसांनी गोटी दाबली, ती ढप्प झाली आणि अर्धं पाणी छताला. वास असा सुटला की चार माणसं आपापले डबे उचलून अंगणात. शिशाचं औषध लावलेला कागद असतो, गंधक ओळखायचा, तो बाटलीजवळ न्यायच्या आधीच काळा. आणि निष्कर्ष काय? ‘गंधकवायू भरपूर. शिवाय सोड्याचा वायू इतका, की असे कुंड आजवर पाहण्यात नाही. मोठे साहेब स्वतः येत आहेत. कुंड फसफसते ठेवणे.’

तीन पेनवाल्यांनी हात वर केला. “एक मिनिट. कुंडातलं पाणी केवढं गरम?”

“झऱ्याच्या तोंडाशी भात शिजायचा.”

“मग त्यात सोड्याचा वायू राहील कसा? आत्ताच तुम्ही सांगितलंत, गरम पाण्यात...”

“शिकलेले आहात. तुम्हाला बसल्या बसल्या कळलं. मला दोन सिलिंडर रिकामे केल्यावर कळलं.”

केले ना. नळी सोडली कुंडाच्या तळाला आणि चावी उघडली. भकभक भकभक बुडबुडे वर आले आणि गेले आभाळात. पाण्याने एकही ठेवून घेतला नाही. काठावरची दोन बेडकं तेवढी गुंगली. वैनी कपाळाला हात लावून बसली. मोठे साहेब दुसऱ्या दिवशी बाराला येणार.

तेव्हा मला टिपणीसांचे शब्द आठवले. गार पाहिजे आणि दाबून पाहिजे. बंदरावर मासळीचा बर्फ असतो. दोन ट्रक गेले, चाळीस लाद्या आल्या. सकाळी सहाला टाकायला सुरुवात केली ती दहाला आटोपलो. हजारो वर्षं उकळत असलेलं कुंड, त्या दिवशी पहिल्यांदा हुडहुडलं.

“भिकाभावोजी,” वैनी नाकाला पदर लावून म्हणाली, “कुंडाला बोंबलाचा वास येतोय.”

“गंधकात खपून जाईल.”

मग दाब. कुंडावर गावातल्या घरांची दारं काढून आडवी टाकली. दारांवर माणसं बसवली. नुसती माणसं हलकी पडायला लागली म्हणून भजनी मंडळ आणलं, पखवाजासकट. आमचा पखवाजवाला एकटाच दोन पोत्यांना भारी. खालून मी गॅस सोडतोय, वरून मंडळ अभंगाला लागलंय, आणि दारं लाटेवर होडी हलावी तशी हलतायत. एकदा तर टाळकरी वीतभर उचलला गेला, पण ताल सोडला नाही.

आता कंडक्टर मांडीवर थापा मारून हसत होता. एक म्हातारबुवा डोळे पुसत होते. ड्रायव्हर कळशी घेऊन आला आणि पाणी ओतायचं सोडून कळशीसकट उभा राहिला.

बाराला मोठे साहेब आले. मी हात वर केला, मंडळ उतरलं, दारं ओढली. तुम्हाला सांगतो, असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. आख्खं कुंड एका दमात फसफसलं. पांढरा फेस पायऱ्या चढून साहेबांच्या बुटांपर्यंत आला. साहेबांनी वाकून बोट बुडवलं.

“हे थंड आहे,” साहेब म्हणाले.

“उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम,” मी म्हटलं. “गेल्या आठवड्यात आला असतात तर बोट भाजलं असतं.”

“आणि हा वास?”

“गंधकाची खालची जात आहे, साहेब. समुद्राकडून येते.”

साहेबांना पोटाचा जुना त्रास. वैनीने कपभर पाणी काढून दिलं. ते प्यायले, क्षणभर थांबले, आणि त्यांना असा ढेकर आला की वडावरचे बगळे उठले. अठरा वर्षं अडलेला ढेकर होता तो. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाणी होतं डोळ्यांत. पखवाजावर कागद ठेवून जागच्या जागी सही केली. रस्ता वीस पावलं बाजूला.

पत्र्याखाली एकच हशा झाला. कंडक्टरने माझ्या पाठीत धपका मारला. तीन पेनवाले म्हणाले, “शास्त्रीयदृष्ट्या मात्र गार करून दाब देणं बरोबर आहे.” ड्रायव्हरने रेडिएटर भरला, बॉनेट आपटलं. माणसं रिकाम्या बाटल्या फळीवर ठेवत गाडीकडे निघाली.

“आणि वैनीचं काय झालं?”

निळ्या छत्रीच्या बाई होत्या. अजून खांबाशीच उभ्या.

“कुणाचं?”

“द्वारकावैनीचं.”

“तिचं काय व्हायचंय?” मी म्हटलं. फळीवरच्या बाटल्या एका रांगेत लावायला लागलो. “राहिली की इथेच, सुखाने. कुंडाला नाव झालं, लांबून माणसं यायला लागली. लेकीचं लग्नसुद्धा कुंडाच्या पायरीवर लावलं तिने. मांडवात दोनशे बाटल्या मी स्वतः फोडल्या. पोरगी सासरी जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, भिकाकाका म्हणून.”

गाडीचं इंजिन सुरू झालं. कंडक्टरने दारातून हाक दिली, “बाई, चला.” बाईंनी हात करून त्याला थांबवलं.

“माझं लग्न डोंबिवलीला झालं, भिकाकाका,” त्या म्हणाल्या. “चाळीच्या गच्चीवर. आई तेव्हा तीन घरी पोळ्या करायची.”

मी बाटल्यांवरून हात काढला. त्यांचा चेहरा आता मी पहिल्यांदा नीट पाहिला. रागावल्या नव्हत्या. गोष्ट सांगताना एखादा गावाचं नाव चुकला तर आपण जसं मध्ये बोलतो, तसं बोलल्या.

“तार नाही आली. एक पत्र आलं, चार ओळींचं. नमुन्यात बाहेरून सोड्याचा वायू भरल्याचे दिसते, सबब नमुना बाद. आईच्या ट्रंकेत आहे अजून ते.” त्यांनी बाटली फळीवर ठेवली, रांगेच्या शेवटी. “आणि मोठा साहेब कुणी आला नाही, काका. रोलर आला.”